पूरा साफ

कुरखेड्याला गुणवंतरावांच्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन जायचं म्हणजे आधी त्यांची भाषा शिकावी लागायची. डबा उघडून आतली धूळ ब्लोअरने उडवायची, जाळी-जळमटं ब्रशने काढायची, याला ते म्हणायचे 'धुणं'. आणि आतलं होतं नव्हतं ते सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायचं, ज्याला बाकीचं जग फॉर्मेट म्हणतं, त्याला ते म्हणायचे 'साफ'. हे शब्द त्यांनी कुठून काढले देव जाणे. पण सत्तावीस वर्षांत गावाला त्यांची इतकी सवय झाली होती की शाळेचे गुरुजी आले तरी दारातूनच ओरडायचे, "भाऊ, धुनं करजा फक्त, साफ नोका करू!" गावातल्या माणसाचं कधी चुकलं नाही. चुकलं ते एका बाहेरगावच्या माणसाचं, आणि खरं बोलायचं तर त्याचंही चुकलं नाही.

गुणवंतराव हाडाचा कारागीर. आधी टायपिंगच्या क्लासची मशीनं दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटरकडे वळले. शिकवायला कोणी नव्हतं. उघडून पाहायचं, बिघडवायचं आणि रात्रभर डोकं खाऊन सकाळी ठीक करायचं, अशी त्यांची शाळा. मशीन आलं की आधी ते त्याला हातच लावायचे नाहीत. चालू करून कान द्यायचे. तीनदा पीं पीं वाजलं आणि पडदा काळाच राहिला की रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात शाळेच्या खोडरबरने घासायचे, परत बसवायचे, झालं काम. बँकेची साइट उघडत नाही म्हणून कोणी रडत आला तर कोपऱ्यातली तारीख दाखवून म्हणायचे, "हे तुमचं मशीन अजून दोन हजार नऊ सालातच राहून राह्यलं. याले आजची बँक कशी दिसन?" आणि घड्याळाचा सेल बदलून द्यायचे. पेनड्राइव्हमधलं सगळं उडालं म्हणून नवरीकडचे लग्नाच्या फोटोंसाठी गळा काढत आले, तेव्हा यांनी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि फोटो बाहेर. "गेलं नोतं, बाई. लपून बसलं होतं."

"मशीन खोटं नाई बोलत. मानूस बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं वाक्य छाती पुढे काढून म्हणायचे, "आजवर माह्या हातून कोनाचा एक फोटो नाई गेला." ते खोटं नव्हतं. साफ करायच्या आधी ते गिऱ्हाइकाचं सगळं सामान आपल्या एका मोठ्या डिस्कवर उतरवून ठेवायचे. त्या डिस्कला नाव होतं 'गाठोडं'. साफ झालं की गाठोड्यातलं सामान परत, आणि वरून एक भेट. ही भेट म्हणजे त्यांचा मोठेपणा. रिकामी जागा दिसली की त्यांना राहवायचं नाही. तिच्यात ते भजनं भरायचे, सिनेमे भरायचे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं चित्रण. स्वतः नाटकवेडे. दिवाळीनंतर कुठल्या गावात कोणतं नाटक, कोणत्या मंडळीचं, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाईक घरी जाऊन मशीन उघडायचं आणि पाहतं तर काय, पन्नास नाटकं! लोक खूश व्हायचे. फुकटचं कोणाला नको असतं?

तर मंगरू आला तो मोहाची फुलं पडायच्या दिवसांत. बिबाटोल्याचा गोंड माणूस, पंचावन्नच्या आसपासचा, मोटारसायकलला मागे पोतं बांधलेलं. पोत्यात ग्रामसभेचा कॉम्प्युटर. पंचवीस किलोमीटर जंगलातून आणला होता. तो सांभाळायची त्याची मुलगी दिव्या, पण ती बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला गडचिरोलीला गेलेली. म्हणून बाप घेऊन आला. गुणवंतराव त्या वेळी एका प्रिंटरच्या पोटात दोन्ही हात घालून अडकलेला कागद ओढत होते. मान वर न करताच बोलणं झालं.

"जोहार, भाऊ."

"जोहार. काय झालं?"

"चालू होते, दोन मिनिटात बंद पडते. कुंभारनीनं घर केलं वाट्टे आत. माती भरली. साफ करून देजा."

यातलं 'कुंभारणीचं घर' प्रिंटरच्या खडखडाटात बुडालं. कानात शिरलं ते एवढंच, 'साफ'.

"पूरा साफ?" गुणवंतरावांनी विचारलं.

"हव. पूरा साफ."

"आतमधलं काही ठेवाचं हाय का?"

मंगरूला हसू आलं. शहरातली माणसं काय काय विचारतात! मातीचं काय ठेवायचं? "नाई भाऊ. काईच ठेवू नोका. सारं काढून फेकजा."

"परवा ये."

"येतो. मोह पडून राह्यला, जा लागते." आणि तो गेलाही. मोह काही कोणासाठी थांबत नाही.

दुपारी गुणवंतरावांनी डबा उघडला आणि त्यांना आवाजाआधीच रोग कळला. कुंभारीण माशीने प्रोसेसरच्या पंख्यालाच मातीची तीन गाडगी चिकटवली होती. एकात तर वाळके कोळी भरून ठेवलेले, पिल्लांच्या जेवणाला. पंखा फिरेल कुठून? मशीन तापायचं आणि जीव वाचवायला बंद पडायचं. गुणवंतरावांनी चिमट्याने ती गाडगी काढली, पंखा झाडला, प्रोसेसरवर उष्णता ओढणारा नवा लेप लावला आणि चालू केलं. तासभर मशीन झक्क चाललं. एकदासुद्धा बंद पडलं नाही.

इथेच हात धुऊन मोकळं व्हायचं होतं. रोग गेला होता, मशीन ठणठणीत होतं. पण माणसाने 'पूरा साफ' सांगितलंय, दोनदा सांगितलंय, ठेवायचं काही नाही म्हणून सांगितलंय. गुणवंतरावांनी सवयीने पडद्यावर काय काय आहे ते पाहिलं. ग्रामसभेची दोन-चार पत्रं आणि 'आजी' नावाचं एक फोल्डर. फोल्डरमध्ये अकरा व्हिडिओ, चांगले लांबलचक. त्यांनी एक उघडला.

घरासमोर बसलेली एक म्हातारी. कपाळावर गोंदण, पांढरे केस मागे बांधलेले. हात कुठेतरी लांब दाखवून गोंडीत बोलत होती. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता, मधूनच कोंबडी आडवी जात होती. गुणवंतरावांना गोंडी येत नाही. अठ्ठावन्न वर्षं कुरखेड्यात काढली, बाजाराच्या दिवशी अर्धा बाजार गोंडीत बोलतो, तरी 'जोहार'च्या पलीकडे शब्द माहीत नाही. अर्धं मिनिट झालं असेल. म्हातारी बोलता बोलता थांबली, सरळ त्यांच्याकडे बघावं तशी बघून काहीतरी विचारू लागली. गुणवंतरावांनी फुलीवर क्लिक करून ती बंद केली.

गाठोडं काढलं तर ते गच्च भरलेलं. हे अकरा व्हिडिओ मावायचे तर पाच-सहा नाटकं पुसावी लागणार. "कायले?" ते स्वतःशीच म्हणाले. "म्हातारीची बडबड. घरचाच मानूस म्हनते ना, फेकून दे."

इथे मला त्यांचा राग येतो, येणारच. हेच चित्रण मराठीत असतं, एखाद्या पाटलाच्या आजीने नातीच्या लग्नात उखाणा घेतला असता, तर या माणसाने दहा नाटकं पुसून ते जपलं असतं आणि वर मंगरूची वाट पाहून त्याला खडसावलं असतं, "काय रे बाप्पा, आजीले फेकतं का?" पण कळत नाही ते बोलणं म्हणजे बडबड, असा आपला हिशेब. त्यांनी डिस्क साफ केली. नवी विंडोज टाकली. मग मोकळी जागा पाहून त्यांना राहवलं नाही, आणि जंगलातल्या माणसांना कुठलं मनोरंजन म्हणून त्यांनी एक नाही, दोन नाही, डिस्क गळ्यापर्यंत भरेल इतकी नाटकं तिच्यात ओतली. मंगरू तिसऱ्या दिवशी येऊन मशीन घेऊन गेला. तोही खूश, हेही खूश.

बारा-तेरा दिवसांनी दिव्या आली. बसने, मांडीवर डबा घेऊन. बावीस वर्षांची, बारीक अंगाची, बोलायला शांत पोरगी. तिने डबा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, याच्यात आजीचं फोल्डर होतं. ते कुठी ठेवलं?"

अर्धं मिनिट पाहिलेली ती म्हातारी गुणवंतरावांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आणि सत्तावीस वर्षं मशीनचं खोटं न बोलणं सांगणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून निघालं, "बाई, ते डिस्कच उडाली होती. वाचली नाई. दुसरी टाकून देल्ली."

"मंग जुनी डिस्क द्या. नागपूरले धाडते. मरेल डिस्कमधलंबी तिथी काढून देतात म्हनतात."

"ते... घरी हाय. पाहून ठेवतो."

पोरीने मान हलवली. तिला संशय नव्हता. मग बाकावर बसून पाण्याचा गिलास हातात धरून तिने सांगितलं, काही तक्रार म्हणून नाही, नुसतं समजावं म्हणून.

ती म्हातारी म्हणजे सुकरी, मंगरूची आई. बिबाटोल्याने जंगलावरच्या हक्काचा दावा केला होता. नाल्याच्या अलीकडचं रान गावाचंच, याला साक्षीदार पाहिजे तितके. प्रश्न होता पलीकडच्या रानाचा. तिथे आधी त्यांची वस्ती होती, जुना टोला. त्यांच्या पेनाचं, म्हणजे देवाचं ठाणं अजून तिथेच, गाडलेल्या माणसांचे दगड तिथेच. रोगाची साथ आली आणि माणसं उठून अलीकडे आली, तेव्हा सुकरी दहा-बारा वर्षांची. तेव्हा जी माणसं नाला ओलांडून आली त्यांतली ती एकटीच उरली होती. कोणत्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडापासून हद्द सुरू, कोणत्या खडकाला वळते, कोणाची वाडी कुठे, कोणाचा दगड कुठला, हे फक्त तिला ठाऊक. कागद तर कोणी कधी दिलाच नव्हता. पण म्हाताऱ्या माणसाचं सांगणं पुरावा म्हणून घेतात. दिव्याने धान कापणं आटोपल्यावर तीन दिवस बसून आजीला बोलतं केलं. फोन भरला म्हणून सगळं कॉम्प्युटरात टाकलं आणि फोनमधलं पुसलं. परीक्षा झाली की लिहून काढायचं, पंचांसमोर वाचायचं, सह्या घ्यायच्या.

"आजी माघात गेली, भाऊ," ती म्हणाली. "सुनावनी नऊ दिवसानं हाय. फोन कुठीबी पडते, हरपते. म्हनून याच्यात ठेवलं होतं, जपून राह्यन म्हनून."

"डबा ठेवून जा," गुणवंतराव म्हणाले. "पाहतो मी काही होते का."

पुढचे तीन दिवस त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ठेवलं. पुसलेलं परत काढायचे जेवढे प्रोग्राम त्यांना ठाऊक होते तेवढे सगळे लावले. पुसलेलं लगेच मरत नाही. जोवर त्याच जागेवर दुसरं काही येऊन बसत नाही तोवर ते निघतं, हे त्यांनीच शंभर लोकांना शिकवलं होतं. पण जागा रिकामी ठेवली होती कोणी? तिथे ते स्वतः नाटकं भरून बसले होते. अकराच्या अकरा फाइलींची नावं आली. एक क्षण त्यांना वाटलं, मिळालं! पहिली उघडली, आणि म्हातारीच्या जागी नाटकातला खलनायक गडगडाटी हसला. दुसरी उघडली, तर पेटीचा सूर आणि टाळ्या. तिसरी उघडलीच नाही. करायला गेलो काय आणि वर झाले पाय, असं म्हणून लोक हसतात. गुणवंतराव त्या रिकाम्या दुकानात डोकं धरून रडले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक तुकडा हाताला लागला. चाळीस सेकंदांचा. कोंबडी आडवी जाते, म्हातारी हात लांब करून दाखवते, थांबते, समोर बघून काहीतरी विचारते. आणि संपलं. जो व्हिडिओ त्यांनी त्या दिवशी उघडला होता त्याचीच सुरुवात. बाकी काहीही नाही.

आता एक वाट उरली होती आणि ती फार सोपी होती. दुकानात मेलेल्या डिस्कांचा एक डबाच होता. त्यातली एक उचलायची, कागदात गुंडाळायची, पोरीच्या हातात द्यायची. नागपूरवाले दोन महिन्यांनी सांगणार, काही निघत नाही. संपलं. ना कोणी विचारणार, ना कोणी बोट दाखवणार. गुणवंतरावांनी एक डिस्क उचलली. घरी आणली आणि पेपरात गुंडाळायला बसले. एकदा गुंडाळली, उघडली, परत गुंडाळली.

रुखमाबाई, त्यांची बायको, ज्वारीची भाकर थापता थापता पाहत होती. "काय गुंडाळून राह्यले इतकं सोन्यावानी?"

त्यांनी सांगितलं. सगळंच सांगून टाकलं, कारण तीन दिवस पोटात ठेवून ते अर्धे झाले होते. रुखमाबाईने तवा खाली उतरवला.

"म्हंजे ते पोरगी दोन महिने आस लावून बसन. आन सुनावनी त नऊ दिवसांवर, नाई का?"

"सहा राह्यले."

"मंग? त्याईले आजच समजलं तर काही दुसरं तरी करतीन. तुमी त त्याईचे तेही दिवस खाऊन राह्यले."

"सत्तावीस वर्षांचं नाव हाय माह्यं, रुखमा."

"तुमचं नाव जाईन," ती म्हणाली. "त्याईचं रान जाऊन राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीवर डबा बांधून बिबाटोल्याला गेले. सत्तावीस वर्षांत त्या बाजूच्या गावांची किती मशीनं, किती मोबाइल त्यांच्या हाताखालून गेले असतील, पण गाव पाहिलं ते त्या दिवशी. समाजमंदिरात माणसं जमली. बायका मोहाची टोपली खाली ठेवून आल्या. झाडू नावाचा ग्रामसभेचा म्हातारा अध्यक्ष भिंतीला टेकून बसला होता. गुणवंतराव उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. धुणं काय आणि साफ काय, प्रिंटर कसा वाजत होता, डिस्क उडाली नव्हती, ते खोटं होतं, व्हिडिओ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि तरी पुसला होता. नाटकांचंही सांगितलं.

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कोणी अंगावर धावून आलं असतं तर त्याहून बरं. एक बाई रडू लागली. दिव्या खाली बघत होती. आणि मंगरू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"याचा दोष नाई," तो लोकांना म्हणाला. "मीच म्हनलो. पूरा साफ. काईच ठेवू नोका. यानं इचारलं बी होतं मले." आणि मग अगदी हळू, "माह्या मायले मीच फेकून देजा म्हनलो."

"नाई, मंगरूभाऊ, तसं नाई," गुणवंतराव म्हणाले. आपला गुन्हा आपल्या डोक्यावर घेऊन ते आले होते, आणि तो हा माणूस काढून स्वतःच्या डोक्यावर घेत होता. यापेक्षा दगड मारले असते तर चाललं असतं.

त्यांनी तो चाळीस सेकंदांचा तुकडा लावला. सुकरीचा आवाज त्या खोलीत घुमला. म्हातारी बोलली, थांबली, तिने काहीतरी विचारलं आणि पडदा काळा झाला. मंगरू बाहेर निघून गेला. बाकीची माणसं काळ्या पडद्याकडे बघत राहिली. ती काय म्हणाली ते गुणवंतरावांना कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही.

शेवटी झाडू बोलला. "सुनावनीले तू चाल. तुह्या तोंडानं सांग, होतं म्हून."

उरलेल्या पाच दिवसांत गावाने जमेल ते केलं. दिव्याने आठवेल तेवढं लिहिलं, पण तिने फोन धरला होता, डोळे पडद्यावर होते. झाडांची नावं तिला आठवली, क्रम आठवला नाही. चार म्हातारे नाला ओलांडून गेले आणि येनाच्या झाडावरून आपसातच भांडून परत आले. तीन येनं होती. हद्द कोणत्या येनापासून, ते जिला ठाऊक होतं ती दगडाखाली होती.

सुनावणीच्या दिवशी कचेरीत दावे तपासणाऱ्या साहेबांनी अलीकडच्या रानाचे कागद पटापट पाहिले, सगळं ठीक निघालं. पलीकडच्या रानाचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, वेळ देऊन ऐकत होता. दिव्याने सगळं सांगितलं. मग गुणवंतराव उभे राहिले.

"ते चित्रण तुम्ही स्वतः पाहिलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"किती पाहिलं?"

"अर्धा मिनिट."

"त्यात बाई काय सांगत होत्या?"

"मले गोंडी येत नाई, साहेब."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. साहेब म्हणाले, "जे उरलंय ते लावा."

गुणवंतरावांनी लॅपटॉप टेबलावर ठेवून तुकडा लावला. कोंबडी, लांब केलेला हात, थांबणं, प्रश्न. संपलं. साहेबांनी दिव्याकडे पाहिलं. "काय म्हणतात या?"

दिव्याने आधी बापाकडे पाहिलं. मंगरू खाली मान घालून बसला होता. मग ती म्हणाली, "आधी म्हनते, नाल्याच्या पल्याड आमचा टोला होता, मी तिथीच जन्मली. मंग म्हनते, आता हद्द सांगते, पहिल्या येनापासून सांगते. आन मंग..." तिने लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. "मंग इचारते, मी सांगून राह्यली, पन या डब्यात कोनी आयकून राह्यला का?"

साहेबांनी लिहिलं. पलीकडच्या रानाचा दावा पुराव्याअभावी मान्य झाला नाही. अलीकडचं रान मिळालं. बाहेर आल्यावर माणसं जीपमध्ये बसली. दिव्या शेवटी चढली, आणि चढता चढता तिने गुणवंतरावांच्या लॅपटॉपमधला तो तुकडा आपल्या फोनमध्ये घेतला. दोनदा तपासून घेतला.

गुणवंतराव कचेरीच्या पायरीवर उभेच राहिले. त्यांना ते मोहाच्या दिवसांतलं दुकानातलं टेबल दिसत होतं, उन्हाची तिरीप, चिमट्याशेजारी पडलेली मातीची तीन गाडगी. म्हातारीने विचारलं होतं. त्यानंतर ती थांबली असणार, नातीने हसून मान हलवली असणार, आणि मग तिने पहिल्या येनापासून अख्खी हद्द सांगितली असणार. चांगला अर्धा तास. तो सगळा अर्धा तास तेव्हा डिस्कवर जिवंत होता, त्यांच्या हाताखाली. तिने विचारलं, कोणी ऐकतंय का, आणि नेमकं तिथेच गुणवंतरावांनी तिला बंद केलं होतं.